आठ अँपिअर

भिवंडी
१० मार्च १९८८

मामू, सलाम.

आधी तब्येत विचारायला हवी, पण सत्तार माझ्या खांद्यावरून वाकून बघताहेत की मी फ्यूजचं लिहितेय की इकडचं तिकडचं. नवऱ्याचा हुकूम आहे, तेव्हा आधी फ्यूज.

आमच्या आठ लूमच्या कारखान्याचा फ्यूज रोज संध्याकाळी उडतो. दिवसभर काही नाही. दिवे लागले की थोड्या वेळात फट्ट, आणि आठही लूम एकदम गप्प. तार बदला, चालू करा, पुन्हा फट्ट. लूम असा मध्येच थांबला की कापडावर आडवा पट्टा पडतो आणि व्यापारी तो ताका परत आमच्या अंगावर टाकतो. सत्तार आधी कारागिरांवर ओरडतात, मग विजेच्या खांबावर, मग घरी येऊन माझ्यावर.

गाळा रामनाथभाऊंचा. आमच्या लग्नात तुम्ही त्यांना भेटला आहात. उंच आगरी गृहस्थ, तुमचं भाषण संपेपर्यंत मांडवात एकटेच जागे होते. कारखान्याला भिंत लावून त्यांचं घर आणि घराच्या पडवीत त्यांच्या बायकोची, जानकीबाईंची, पिठाची चक्की. आमचा बोर्ड आणि चक्कीचा बोर्ड दोन्ही त्याच पडवीत, वीज एकाच खांबावरून.

धामणकर नाक्यावर जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा अय्यूब आहे, त्याने मोजून दिलं : दुपारी व्होल्टेज चारशे असतं तेव्हा एक लूम दोन अँपिअर करंट घेतो. संध्याकाळी व्होल्टेज तीनशेवर उतरतं. फ्यूज वीस अँपिअरचा आहे. सत्तार म्हणतात, मामू हिशेब करतील आणि ते सांगतील ते मी डोळे मिटून मानीन. मला त्यांच्या डोळे मिटण्याचीच भीती वाटते. तरी लिहा.

तुमची
हबीबा


दाभोळ
१७ मार्च १९८८

बेटी हबीबा आणि सत्तारमियाँ, दुआ.

पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. सारी उमर मी गावोगाव उभा राहून सांगत आलो की जिन, नजर, करणी यांचं नाव घेण्याआधी कागद आणि पेन्सिल घ्या. लोकांनी मला दगड मारले, मी बोलत राहिलो. आणि माझी सख्खी भाची, माझ्याच वर्गात बसून मॅट्रिक झालेली, आता शाळेत मुलींना शिकवणारी, मला विचारते की फ्यूज का उडतो! कागद संपले का भिवंडीत?

नीट बघा. रोध म्हणजे दाब भागिले प्रवाह. चारशेला दोनने भागा. दोनशे ओहम. हा तुमच्या एका लूमचा रोध. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. आठशे वॅट. आता संध्याकाळ घ्या. दाब तीनशे. रोध तोच दोनशे, कारण तांब्याला घड्याळ कळत नाही. म्हणजे प्रवाह दीड अँपिअर आणि शक्ती साडेचारशे वॅट. दाब कमी, प्रवाहही कमी. मी हे घरातल्या दिव्यावर मीटर लावून पाहिलं आहे. दाब उतरला की दिवा मंदावतो आणि मीटरचा काटा खाली येतो.

आठ लूमचे दीड-दीड मिळून बारा अँपिअर झाले. बारा अँपिअरने वीसचा फ्यूज उडत नाही. जगात कुठेही उडत नाही. तरी तुमचा उडतो. म्हणजे त्या तारेतून वीस जात आहेत. विसातून बारा वजा केले, आठ राहिले. हे आठ अँपिअर कोणाच्या घरात जातात?

मी कोणाचं नाव घेत नाही. मी फक्त विचारतो, संध्याकाळी त्याच पडवीत, त्याच खांबावर, दुसरं काय चालतं?

सत्तारमियाँ, भिडेखातर गप्प बसू नका. जो माणूस आपल्या हिशेबावर उभा राहत नाही तो उद्या कशावरच उभा राहणार नाही.

तुमचा
फखरुद्दीन


भिवंडी
२८ मार्च १९८८

मामू,

तुम्ही नाव घेतलं नाहीत. फार उपकार झाले. सत्तारनी घेतलं.

तुमचं पत्र हातात पडलं आणि मी चहा ठेवायला वळले, तेवढ्यात हा माणूस पत्र घेऊन चक्कीवर गेला. संध्याकाळची गर्दी, अर्ध्या मोहल्ल्याच्या बायका डबे लावून उभ्या, त्यांच्यात आमच्याही आणि आगरी आळीतल्याही. चक्की चालू. सत्तार ओरडायला लागले. जानकीबाई म्हणाल्या, "काय वरडता सत्तारशेट? मना कायपन ऐकू न्हाय येत." मग सत्तार आणखी मोठ्याने, पत्र नाचवत, "आठ अँपिअर! हमारा आठ अँपिअर तुम्हारी चक्की में जाता है! मामूंनी लिहून दिलंय!"

रामनाथभाऊ घरातून बाहेर आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मना चोर बोलतंस?"

"मैं नहीं बोलता, भाऊ. हिसाब बोलता है."

मामू, हे वाक्य तुमचं आहे. तुमच्या कुठल्या तरी भाषणातलं आहे. मी ओळखलं.

भाऊंनी चक्कीचा खटका खाली ओढला. म्हणाले, "घ्या. बंद. आता तुमचा हिशोब काय बोलतो ते बगा. आन ईद झाली का माजा गाळा खाली करा. रोज्याच्या महिन्यात मी कोनाला भायेर काढनार न्हाय, पन ईदीच्या दुसऱ्या दिशी मना गाळा मोकला पायजे."

आणि त्या संध्याकाळी, चक्की बंद असताना, आमचा फ्यूज उडाला. दुसऱ्या संध्याकाळीही उडाला. मी सत्तारना म्हटलं, आता सांगा, आठ अँपिअर कुठे गेले? म्हणतात, मामूंना विचार.

तेव्हापासून चक्की बंद आहे. रमजान तोंडावर आला आहे, घराघरात तांदळाचं पीठ लागणार आहे, आणि बायका डोक्यावर डबे घेऊन बंदरमोहल्ल्यातल्या चक्कीपर्यंत चालत जातात. वाटेत माझं घर लागतं. मला काय काय ऐकावं लागतं ते मी लिहिणार नाही. गल्लीतली पोरं भाऊंच्या मागे "आठ अँपिअर, आठ अँपिअर" करत धावतात. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर इथे आमच्यातल्या कोणी त्यांच्यातल्या कोणाला चोर म्हणणं ही दोन माणसांमधली गोष्ट राहत नाही, हे तुम्हाला दाभोळला बसून कळणार नाही, पण कळायला हवं होतं.

आठ लूम म्हणजे काही आठ ट्रंका नव्हेत, की उचलल्या आणि दुसरीकडे ठेवल्या. पाया उकरावा लागतो. मानकोलीपासून वडप्यापर्यंत सत्तारनी विचारून पाहिलं. गाळा मिळत नाही, आणि जिथे मिळतो तिथे लाइट नाही.

दुसरा हिशेब करा. पण या वेळी पत्र माझ्या नावाने शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

हबीबा


दाभोळ
४ एप्रिल १९८८

हबीबा,

तुझं पत्र वाचलं. तुझा राग मी समजू शकतो, तुझा तर्क नाही.

चक्की बंद केली म्हणून माणूस निर्दोष ठरतो? चक्की हा एक भार झाला. आठ अँपिअर अजून जात असतील तर तार कुठे तरी आहे. सामाईक भिंत आहे ना? भिंतीत काय आहे हे कोणी पाहिलं? पलीकडे पंप असेल, शेगडी असेल. वीजचोर खांबावर चढून पाटी लावत नाही.

बायका काय म्हणतात, पोरं काय ओरडतात, दंगलीनंतर कोणी कोणाला काय म्हणावं, यातल्या एकाही गोष्टीने दोनशे ओहमचे एकशे नव्व्याण्णव होत नाहीत. मी उद्या माझ्या बापाविरुद्ध हिशेब आला तरी हिशेबाच्या बाजूने उभा राहीन. हेच मी तुला शिकवलं. तू आज ओहमच्या नियमासमोर जानकीबाईचे डबे मांडतेस, याचं मला दुःख होतं.

नियम चुकत नाही. भिंत तपासा.

फखरुद्दीन


भिवंडी
१४ एप्रिल १९८८

मामू,

तुमचं पत्र शाळेत आलं. मी ते शाळेतच जाळायला हवं होतं. मी मूर्खासारखी घरी घेऊन आले.

भिंत तपासली. शुक्रवारी, भाऊ आणि जानकीबाई लग्नाला वडप्याला गेले असताना, सत्तारनी छिन्नी-हातोडा घेऊन आपल्या बाजूचं प्लास्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून काढलं. आत विटा निघाल्या. विटांच्या मध्ये माती निघाली. एक मुंग्यांचं वारूळ निघालं. तार निघाली नाही. संध्याकाळी भाऊ परत आले, कारखान्याच्या दारात उभे राहून त्यांनी आपली सोललेली भिंत पाहिली आणि एक शब्द न बोलता घरात गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग सत्तारनी संतापून फ्यूजमध्ये दुहेरी जाड तार घातली. फ्यूज उडाला नाही. एका लूमची मोटर जळाली, ती अय्यूबने भरून दिली.

आता नियमाचं ऐका. मी अय्यूबकडे गेले आणि त्याचा चिमटा-मीटर मागितला. तारेभोवती नुसता चिमटा धरायचा, करंट दिसतो. त्याने दिला आणि वर म्हणाला, "बाजी, तुमच्या मामूंना सांगा अशीच पत्रं लिहीत जा. आमचा धंदा जोरात आहे."

मी स्वतः मोजलं. दुपारी चारशे व्होल्ट, एका लूमला दोन अँपिअर. इथवर तुमचं बरोबर. मग संध्याकाळी पुन्हा मोजलं. तीनशे व्होल्ट. करंट तुमच्या हिशेबाने दीड असायला हवा होता. मीटरने दाखवला दोन पॉइंट सात. मला वाटलं मीटर बिघडला. शेजारच्या लूमवर धरला. दोन पॉइंट सात. सगळ्यांवर फिरवला. सगळीकडे तेच. आता तुम्हीच आठाने गुणा. एकवीसच्या वर जातं. वीसचा फ्यूज उडणार नाही तर काय करणार?

आठ अँपिअर कोणी नेले नाहीत, मामू. ते कधी वेगळे नव्हतेच. आमचेच लूम घेत होते.

आता शक्ती काढा. चारशे गुणिले दोन, आठशे. तीनशे गुणिले दोन पॉइंट सात, आठशे दहा. मला ठाऊक आहे की आमची लाइन तीन फेजची आहे आणि खरे वॅट काढायचे तर आणखी गुणाकार करावा लागतो. तो दोन्ही वेळांना सारखाच धरा, माझा मुद्दा तसाच राहतो. शक्ती तेवढीच आहे! कारण काम तेवढंच आहे. लूमला तेवढेच धागे ओढायचे आहेत, दाब असो नसो. व्होल्टेज पडलं तर मोटर ते काम करंट वाढवून करते आणि स्वतः तापत जाते. तुमच्या दिव्याला काय, त्याला काहीच ओढायचं नसतं. दाब कमी झाला, तो कमी उजळला, निजला. तुम्ही मोटरीला दिवा समजलात.

आणि तुमचे ते दोनशे ओहम? तीनशेला दोन पॉइंट सातने भागा. एकशे अकरा येतात. दुपारी दोनशे, संध्याकाळी एकशे अकरा. फिरणारी मोटर स्वतःच्या फिरण्याने विजेला अडवते. ती मंदावली की अडवणं कमी होतं आणि करंट आत शिरतो. भागाकार तुमचा अचूक होता. पण दुपारचं उत्तर संध्याकाळीही तेच राहील, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ओहमने नाही सांगितलं. ते तुम्ही गृहीत धरलंत, आणि त्या गृहीतावर एका माणसाला चोर ठरवलंत.

मी चिडले आहे, आणि मला चिडायचं आहे. तुम्ही लोकांना सांगत फिरता की डोळे मिटून मानू नका. आमच्या घरात तुमचं पत्र लोकांनी कशा डोळ्यांनी वाचलं असं तुम्हाला वाटतं?

आता सत्तार संध्याकाळी सहाच लूम चालवतात. फ्यूज टिकतो. गाळा टिकत नाही. भाऊंना मी दोनदा भेटायला गेले. जानकीबाईंनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, ते जेवतान." याआधी त्या मला कधीही मॅडम म्हणाल्या नव्हत्या.

आरोप चारचौघांत झाला, तुमच्या अक्षरात झाला. तो तिथेच, तुमच्याच अक्षरात मागे घ्यायचा. ईदेच्या आत.

हबीबा


दाभोळ
२३ एप्रिल १९८८

हबीबा,

तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसला नाही. हे लिहिण्यात मला लाज वाटत नाही, कारण मी कोणाच्याच पत्रावर विश्वास ठेवत नाही. बंदरावर बर्फाचा कारखाना आहे. तिथल्या मुकादमाशी तासभर भांडून मी त्यांच्या मोटरीवर मीटर लावला. आमच्याकडेही दिवेलागणीला दाब पडतो. दाब पडला आणि काटा वर गेला. मुकादम म्हणाला, "मास्तर, तोंड का उघडं राहिलं?"

मी तीन संध्याकाळी जाऊन पाहिलं. तिन्ही वेळा काटा वरच गेला.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? माझ्या पत्रात दाब चारशेवरून तीनशेवर आला, हे मीच लिहिलं होतं. माझ्या हाताने. त्यावर मी थांबलो नाही. एका पूर्ण शहराच्या विजेतले शंभर व्होल्ट रोज संध्याकाळी गायब होतात आणि मी शेजारच्या पिठाच्या चक्कीत आठ अँपिअर शोधत बसलो! ट्रान्सफॉर्मर एक, त्यावर लूम रोज नवे. दाब वरून पडतो आणि माणसं खाली एकमेकांच्या भिंती खरवडतात. लहान माणसाला चोर लहान माणसातच सापडावा, अशीच ही व्यवस्था आहे. हे मी शंभर सभांमधून ओरडून सांगितलं आहे. आणि वेळ आली तेव्हा मीही शेजाऱ्याकडेच बोट दाखवलं.

सोबत वेगळं निवेदन पाठवतो आहे. चार पानं आहेत. जाहीर वाच. एक शब्द गाळू नकोस.

फखरुद्दीन


भिवंडी
३ मे १९८८

मामू, सलाम.

तुमची चार पानं वाचायला मी चक्कीवर गेले. सत्तारना हाताला धरून नेलं. रोजा होता, घसा कोरडा, ऊन उतरत आलेलं. मी आदल्या दिवशी घरोघर सांगून आले होते, त्यामुळे बायका आल्या होत्या. चक्की बंद असूनही तांदळाचे डबे घेऊन आल्या होत्या. भाऊ पडवीत खाटेवर बसलेले.

पहिलं पान मी पूर्ण वाचलं. त्यात तुम्ही विज्ञानाचा इतिहास सांगितला आहे. दुसऱ्या पानावर जानकीबाई म्हणाल्या, "यवरा मोठा कागद कनाला? चोर न्हाय, यवराच बोल ना."

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. माफ करा. म्हटलं, "भाऊ, तुम्ही चोरी केली नाही. आमचा हिशेब चुकला."

भाऊंनी मान हलवली. "तू न्हाय बोललीस मना. बोलला त्यो हिता हुबा हाय." मग उठले, बोर्डापाशी गेले आणि खटका वर केला. इतक्या दिवसांनी चक्की घरघरायला लागली. म्हणाले, "त्या दिशी चालू चक्कीवर वरडला. आज पन चालू चक्कीवर बोलू दे. समद्यांनी आयकला पायजे."

सत्तारनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना विहिरीत ढकलतेय. मग म्हणाले, "भाऊ चोर नाहीत."

जानकीबाईंनी कानाला हात लावला. "न्हाय आला ऐकू."

"भाऊ चोर नाहीत!"

"चक्की चालू हाय ना, शेट."

मागून रांगेतली हबसाबाई ओरडली, "अगं आम्हाला इकडे ऐकू आलं, माझे तांदूळ घे आधी!" बायका हसायला लागल्या. सत्तारचा चेहरा लाल झाला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पूर्ण ताकदीने ओरडले, "भाऊ चोर नाहीत!" आणि नेमक्या त्याच वेळी व्होल्टेज पडलं. पडवीतला बल्ब पिवळा झाला, चक्कीचा आवाज एकदम बसला, दगड कण्हल्यासारखा फिरायला लागला, आणि सत्तारची आरोळी गल्ली ओलांडून पार रस्त्यावर गेली. रिक्षावाले वळून बघायला लागले.

सगळे आपोआप आमच्या बाजूला कान लावून उभे राहिले. भाऊसुद्धा. फ्यूज उडण्याची वाट बघत. सहा लूम खडखडत राहिले. फ्यूज उडाला नाही.

भाऊंनी चक्कीच्या मोटरीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "ही पन तापली," म्हणाले. मग सत्तारकडे न बघता, "गाळा ऱ्हाऊ दे."

भिंतीचं प्लास्टर सत्तार ईदेनंतर करून देणार आहेत. जानकीबाई माझं पीठ दळून देतात. मॅडम म्हणणं अजून बंद केलेलं नाही.

आता काम. ट्रान्सफॉर्मरसाठी वीजकचेरीत अर्ज द्यायचा ठरलं आहे, सत्तार आणि भाऊ दोघांच्या सहीने. मजकूर तुम्ही लिहायचा. एक पान, मामू. चारशेचे तीनशे होतात, आठातले दोन लूम रोज संध्याकाळी बंद राहतात, चक्कीची मोटर तापते. विशेषणं नकोत. इतिहास नको. प्रत्येक आकडा आधी इथे आम्ही दोन्ही वेळांना मोजून बघू, आणि भाऊंनी सांगितलं आहे की मीटरवरचा काटा स्वतः पाहिल्याशिवाय ते तुमच्या एकाही ओळीखाली सही करणार नाहीत.

हबीबा